दुहेरी दुमड

माणसांचे चेहरे तो विसरायचा, तोंडं विसरायचा नाही. रस्त्यात कुणी हसून हात केला की त्याची नजर आधी त्या हसण्यावर जायची आणि मग, हां, वरची कवळी, उजवा सुळा जरा आत घेतला होता, अशी ओळख पटायची. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवायचे. तो त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात दात रोवायचा, मेणाच्या जागी गुलाबी रेझिन भरायचा, शिजवायचा, घासायचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं बसलेले, दुसरीकडे मोरी, आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. त्याच्या भुवयांवरही. घरी आला की बायको दारातच म्हणायची, "आधी झटकून या, मग म्हातारे व्हा."

लोक त्याला कवळीवाले म्हणत. त्याचं एक वाक्य होतं, ते ज्याच्या त्याच्या तोंडी झालं होतं: "बसतंय की बसवलंय?" कवळी हिरडीवर आपण होऊन बसली पाहिजे. दाबून बसवली तर ती पहिल्या दिवशी बसते आणि नंतर जखम करते. हे तो डॉक्टरांनाही ऐकवायचा, पाय हलणारं टेबल आणून देणाऱ्या सुतारालाही, आणि लग्न ठरलेल्या पुतण्यालाही त्यानं ते ऐकवलं होतं. त्याचा हात सहसा चुकत नसे. आपला हात चुकत नाही हे त्याला माहीत होतं, आणि हे माहीत असण्याची त्याला सवय झाली होती.

रॉकेटांच्या नादाला त्याला लावलं वायरमननं. वायरमन त्याचा शाळेपासूनचा मित्र. सुट्टीच्या एका सकाळी तो त्याला स्कूटरवर घालून जुन्या खाणीपलीकडच्या माळावर घेऊन गेला. तिथे दहाबारा मोठी माणसं पुठ्ठ्याच्या नळ्या काखेत धरून उभी होती. मुलांच्या खेळण्यातली छोटी रॉकेटं असतात आणि परवाने लागणारी मोठी असतात. या मंडळींची दोहोंच्या मधली, कंबरेएवढी उंच, जाड पुठ्ठ्याच्या नळीची, प्लायवूडच्या पंखांची. सुटे भाग किटमध्ये येतात, ते आपण चिकटवायचे. खालून तयार मोटर खुपसायची, लांब जाऊन कळ दाबायची. मोटर जळून संपते, रॉकेट आपल्याच जोरावर चढत राहतं, दमतं, आणि तेवढ्यात मोटरच्या डोक्यावरची चिमूटभर दारू नळीच्या आत फुटते. त्या धक्क्यानं वरचं टोकदार नाक निघतं आणि मागोमाग पॅराशूट बाहेर पडतं.

त्या दिवशी तो मान वर करून बराच वेळ उभा राहिला होता. वस्तू सुटता कामा नये, एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. इथे अशी वस्तू होती जिनं वर जाईपर्यंत सुटायचं नव्हतं आणि वर गेल्यावर सुटल्याशिवाय राहायचं नव्हतं.

"काय, लागलं का खूळ?" वायरमननं विचारलं.

"नाकाची फिटिंग कोण तपासतं?" तो म्हणाला.

"कोणी नाही."

पुढच्या खेपेपासून तोच तपासू लागला. झाडाखाली घडीचं टेबल टाकून बसायचा. प्रत्येकानं आपलं रॉकेट त्याच्यापुढे आणायचं. तो ते नाकाला धरून उचलायचा. नळी निसटून खाली आली तर नाक सैल. मग दोन बोटांनी नाक ओढून पाहायचा. जोर लावावा लागला तर घट्ट. दोन्हींत तो रॉकेट परत करायचा, आणि परत करताना आवाज खाली ठेवायचा नाही. चित्रकलेचे निवृत्त मास्तर होते, मंडळीत सर्वांत वडील, रॉकेट असं रंगवायचे की उडवायला जीव होऊ नये. एका सकाळी त्यानं त्यांना पुन्हा पुन्हा माघारी पाठवलं.

"मास्तर, हे बसत नाहीये. तुम्ही बसवलंय."

"जरासंच घट्ट आहे हो."

"जरासं म्हणजे किती ते मी वर जाऊन विचारू का?"

सगळे हसले. मास्तरांचे कान लाल झाले. "मग वर्गाबाहेर उभा राहतो," असं म्हणून ते झाडापलीकडे जाऊन नाकाच्या खोबणीला सँडपेपर घासत बसले. त्यांच्या पाठीला पोक आलं होतं. ते कवळीवाल्यानं पाहिलं आणि पुढचं रॉकेट हातात घेतलं.

बायको आधी नुसती चहाचा थर्मास घेऊन यायची. किटबरोबर आलेलं पॅराशूट तिनं चिमटीत धरलं आणि म्हणाली, "ही तर दुकानातली पिशवी. हिच्या भरवशावर सोडता होय?"

"अगं, पुठ्ठाच तर आहे."

"म्हणून काय झालं? पडायची भीती सगळ्यांना असते."

ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पडदे, उशांचे अभ्रे शिवायची. छत्री दुरुस्त करणाऱ्याकडून तिनं मोडक्या छत्र्यांचं कापड आणलं, त्रिकोणी कळ्या कापल्या, जोडल्या, आणि कडेनं दुहेरी दुमड घातली: कापड एकदा मुडपायचं, पुन्हा मुडपायचं, त्या घडीत दोऱ्यांची टोकं घ्यायची आणि वरून टीप मारायची. ती त्याला पॅराशूट म्हणायची नाही, छत्रीच म्हणायची, आणि हळूहळू सगळेच छत्री म्हणू लागले. जो तो तिच्याकडून छत्री शिवून घेऊ लागला. माळावर ती कवळीवाल्यांची बायको म्हणून आली होती. नंतर नंतर नवा कोणी आला की त्याची ओळख "हे काकूंचे मिस्टर" अशी होई. वर छत्री उघडली की माणसं आधी आभाळाकडे आणि मग तिच्याकडे पाहायची. ती डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी म्हणायची, "उघडली गं बाई."

घरी तिच्या चालण्यात फरक पडला होता. तो फरक त्याला आवडला होता, पण तसं तो तिला कधी म्हणाला नव्हता.

मग त्यानं ते मोठं किट घेतलं. किटबरोबर आलेल्या सूचना त्याला सल्ल्यासारख्या वाटल्या. नळीत आतून जोड देऊन त्यानं ती लांबवली, कारण उंची मोजणारं इवलंसं यंत्र आत ठेवायचं होतं. मोटर सांगितली होती त्याहून दांडगी बसवली. शेपूट जड झालं की रॉकेट वाऱ्यात गिरक्या घेतं, म्हणून नाकात छर्रे भरून वरून कवळीचं रेझिन ओतलं. पंख नळीला मिळतात त्या कोपऱ्यांतही तेच गुलाबी रेझिन भरून, घासून, बोटाला सांधा लागू नये इतकं गुळगुळीत केलं. दुकानातल्या जबड्यांच्या रांगेत ते उभं केलं होतं तेव्हा वायरमन आला आणि दारातच थबकला.

"अरे, याला तर हिरड्या आल्या!"

"मजबुतीसाठी आहे ते."

"आता दात कधी येणार? बारसं तरी करून टाक. बत्तिशी ठेव नाव."

नाव तेच पडलं.

उडवायच्या दिवशी सकाळी बायकोनं पलंगावर छत्रीची घडी घातली, टाल्कम पावडर भुरभुरली, आणि बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी ती नळीत सरकवली. त्यानं वर नाक बसवलं. जिन्यातून उतरताना बत्तिशी आडवी झाली आणि ते जड नाक सुळकन निघून दोन पायऱ्या गडगडलं. लागलं नाही कुठे. पण स्कूटरवर, खड्ड्यांत, ते पुन्हा निघणार. तो वर आला, खणातून कागदी टेप काढली आणि नाकाचा जो भाग नळीच्या आत जातो त्याच्याभोवती एक वेढा दिला. बसवून पाहिलं. आणखी एक दिला. आणखी एक. मग अंगठ्यानं दाबून नाक आत घातलं. माळावर गेल्यावर काढायची होती ती टेप. प्रवासापुरतीच होती. बायको कुलूप लावत होती, पाठमोरी.

माळावर टेबलापाशी रांग होती. तो एकेकाचं तपासत राहिला. मास्तरांचं एका फटक्यात पास झालं तेव्हा मास्तर म्हणाले, "आज हात सुधारलाय तो माझा की तुमचा?" त्याची पाळी शेवटी आली तेव्हा वारा वाढू लागला होता. त्यानं बत्तिशी उचलली आणि टेबलाच्या कुठल्या बाजूला उभं राहावं ते त्याला क्षणभर कळेना. समोर कोणी बसलेलं नव्हतं.

"चल लवकर," वायरमन ओरडला, "तुझं काय तपासायचं? परीक्षकाची परीक्षा कोण घेतो!"

तो हसला. पुढे त्याला दुसरं काही आठवलं नाही तरी ते हसणं आठवायचं.

बत्तिशी सरळ गेली. इतकी सरळ की बघणारे आपोआप गप्प झाले. पांढरी रेघ, मग ठिपका, मग ठिपकाही नाही. बायकोनं डोळ्यांवर आडोसा धरला. वर कुठेतरी ठप्प असा बारीक आवाज झाला, झाकण लावल्या डब्यात काहीतरी पडल्यासारखा. सगळे "उघडली गं बाई" ऐकायला थांबले. ती काही बोलली नाही.

"डोक्यावर बघा!" वायरमन किंचाळला. "नाकावर येतंय, नाकावर!"

शिट्टीसारखा आवाज आला आणि पलीकडच्या बांधामागे धूळ उडाली. तो सगळ्यांच्या आधी पळत सुटला. बत्तिशी नाक मातीत खुपसून उभी होती. नळी हातानं पिळल्यासारखी चुरगळलेली, एका अंगानं लांब चिरलेली. आतल्या धक्क्याला वरून वाट मिळाली नाही तेव्हा तो तिथून बाहेर पडला होता. त्यानं नाक उपसलं. नळीची फाटकी कड त्याला अजून घट्ट धरून होती. पिळून काढलं तेव्हा टेप दिसली. खरं तर दिसायच्या आधीच त्याला कळलं होतं. पिवळट, थरावर थर, कडेला त्याच्याच अंगठ्याच्या नखाची खूण.

मागे पावलं वाजत होती. त्यानं टेप नखानं उचकटली, सोलली, गोळा केला आणि खिशात घातला. त्यात विचार नव्हता. कवळीच्या कडेचं जास्तीचं मेण हात जसा न सांगता खरवडून टाकतो, तसा हात चालला. माणसं येऊन पोचली तेव्हा त्याच्या एका हातात टेपचा मागमूस नसलेलं नाक होतं आणि दुसऱ्या हातात, घडी न मोडलेली, पावडरीचा वास येणारी छत्री.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"छत्री अडकली," तो म्हणाला. "आत बूच बसल्यासारखी बसली. दुमड जाड होते ना."

"माझ्यात तर सुरळीत निघते."

"माझ्या नळीत जोड आहे. तिथे आतून बारीक होते ती."

हे निम्मं खरं होतं, म्हणून बोलायला सोपं गेलं. तेवढ्यात बायको धापा टाकत पोचली. एक चप्पल पायात, एक हातात. तिनं दुमडीचं तेवढं ऐकलं होतं.

"माझी दुमड?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. मातीनं भरलेल्या नाकाकडे पाहत, मोठ्या मनाच्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला, "असू दे."

सगळ्यांदेखत त्यानं तिला माफ केलं.

ती त्या चुरगळल्या नळीपाशी उकिडवी बसली. गुलाबी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. मग उठून मंडळींना म्हणाली, "चुकलंच माझं. सगळ्यांच्या छत्र्या द्या परत, मी बघून देते." वायरमन "अहो वहिनी, चालायचंच" म्हणत होता, पण ती ज्याच्या त्याच्यापुढे पिशवी धरत गेली. लोकांनी आपापल्या छत्र्या तिच्या पिशवीत टाकल्या. मास्तरांनी सर्वांत शेवटी टाकली.

घरी खिडकीपाशी तिचं मशीन होतं. ती त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि अर्ध्या ब्लेडनं उसवायची. चांगली टीप उसवायला वेळ लागतो. सैल शिवण एका झटक्यात निघते, पण तिची निघायची नाही. ती एकेक टाका कापायची, कापड ताणायची, पुढचा टाका. तुटलेल्या दोऱ्यांचे बारीक तुकडे तिच्या मांडीवर, फरशीवर, त्याच्या चहाच्या कपाच्या कडेला. मधून कापड फाटल्यासारखा आवाज यायचा आणि दर आवाजाला तो पेपराआड पापण्या मिटायचा. तिच्या हातून झालेलं, बरोबर झालेलं एकेक काम ती स्वतःच्या हातानं मोडत होती, आणि तो बसून ते मोडू देत होता.

एकदा सकाळी त्यानं कप खाली ठेवला. "अगं, ते त्या दिवशी..."

"काय?"

तिच्या दातांत दोऱ्याचं टोक होतं.

"साखर कमी आहे."

तिनं उठून साखर घातली. त्या दिवसापासून रोजच जास्त घालू लागली. तो गोड पाक तो मुकाट्यानं पीत राहिला.

दुकानात एक म्हातारेबुवा नवी कवळी घालून पाहायला आले होते. आरशात तोंड वाकडं करत त्यांनी विचारलं, "आता तुमचं ते वाक्य म्हणा की. बसतंय की काय ते." त्यानं पाण्याचा नळ सोडला आणि हात धूत राहिला. हात स्वच्छच होते.

मेव्हणी आली. बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. हसल्याशिवाय तिला वाक्य पुरं करता येत नसे. आल्या आल्या म्हणाली, "काय गं ताई, रॉकेट पाडलंस म्हणे! ती तुमच्या वायरमनची बायको बाजारात भेटली होती. सगळीकडे झालंय." मग त्याच्याकडे वळून, "भावजी, दुकानातल्या दातांना तरी हात लावू देऊ नका हो हिला. लोक जेवता जेवता बोळके व्हायचे."

बायको हसली, पण उशिरा. "हसतेस काय," ती म्हणाली, "अवाक्षर बोलले नाहीत ते मला. दुसरा असता तर डोकं खाल्लं असतं. एवढी मेहनत मातीत गेली, आणि नुसतं 'असू दे' म्हणाले."

"भावजी आहेतच देवमाणूस."

देवमाणूस उठून मोरीकडे गेला. तिथे काहीच काम नव्हतं. बादली भरलेली होती. तो त्या पाण्याकडे पाहत उभा राहिला. पाणी हलायचं थांबलं तसा त्यात चेहरा दिसू लागला, म्हणून त्यानं बादली पायानं हलवली.

पुढच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी तिनं नव्या छत्र्या त्याच्यापुढे पसरल्या. दुमड आता एकेरी होती, कापड एकदाच मुडपून, बारीक, केसासारखी.

"आता अडकेल?"

त्यानं कड चिमटीत धरली. छत्री उघडते तेव्हा सगळं वजन एका झटक्यात कडेवर येतं. दुहेरी दुमड तो झटका खाते. ही खाणार नव्हती. दोऱ्या मुळासकट उपटून येणार होत्या. हे त्याच्या बोटांना कळलं.

"बघू," तो म्हणाला.

"बघू म्हणजे? नीट सांगा की."

"चांगली झालीय."

ती खूश झाली. पिशवी भरताना गुणगुणत होती.

माळावर त्यानं टेबल उघडलं.  रांगेत पहिले मास्तर. त्यांनी नवं रॉकेट आणलं होतं, निळं, त्यावर पक्ष्यांचा थवा शेपटाकडून नाकाकडे जाणारा, प्रत्येक पक्ष्याचे पंख वेगळ्या तऱ्हेनं मिटलेले किंवा उघडे.

"नाक घ्या बघून," मास्तर म्हणाले. "आणि आत काकूंची नवी छत्री आहे. पहिला मान माझा."

बायको टेबलाच्या बाजूला पिशवी धरून उभी होती. त्यानं नाकाला धरून रॉकेट उचललं. नळी निसटली नाही. दोन बोटांनी ओढलं. नाक अलगद निघालं. हवं तसं होतं. त्यानं छत्री बाहेर काढली, कड उलगडली आणि तिच्याकडे पाहत राहिला.

पास केलं तर पक्ष्यांचा थवा मातीत जाणार होता आणि तिची चूक या वेळी खरोखरच तिची ठरणार होती. परत केलं तर काही बोलायचीही गरज नव्हती. कड दाखवून मान हलवली की काम झालं, सगळे आपोआप तिच्याकडे पाहतील. एकदा तिच्यावर ढकलून झालंच होतं. रस्ता रुळलेला होता.

"काय रे?" वायरमननं मागून विचारलं. "झोप लागली का?"

"हे उडणार नाही," तो म्हणाला.

"का?" बायको पुढे आली.

"दुमड एकेरी आहे. झटक्याला दोऱ्या निघून येतील."

"काल तर म्हणालात चांगली झालीय."

"म्हणालो."

"आणि जाड होती म्हणून अडकली."

"अडकली नव्हती."

त्याचा आवाज इतका बारीक आला की मास्तरांनी कानामागे हात नेला. त्यानं पुन्हा सांगितलं. या खेपेला जरा जास्तच मोठ्यानं, रांगेच्या टोकापर्यंत गेलं. "छत्री अडकली नव्हती. मी नाकाला टेप गुंडाळली होती. वाटेत निघू नये म्हणून. काढायची राहिली."

"हात्तिच्या!" वायरमन हसला. "एवढंच? कुणाचंही होतं असं."

मास्तर हसले नाहीत. "पण आम्ही आलो तेव्हा नाकावर टेप नव्हती."

"मी सोलून खिशात घातली."

वायरमनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं. टेबलाचा एक पाय खड्ड्यात होता. तो कुणीतरी उगाचच सरळ केला. कवळीवाल्याला वाटत होतं मास्तर आता काहीतरी बोलतील, वर्गाबाहेर काढतील. ते त्याला चाललं असतं. मास्तरांनी नुसती छत्री त्याच्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि बायकोला विचारलं, "काकू, ती माझी जुनी आहे का हो? तीच द्या."

"ती उसवली मी," ती म्हणाली. "सगळ्या उसवल्या."

मग ती त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. अवघड गणित पाहावं तशी ती त्याच्याकडे पाहत होती.

"टेपचं कळलं," ती म्हणाली. "घाबरलात, लपवलीत. होतं माणसाचं. पण ते 'असू दे' कशाला म्हणालात?"

 तो टेबलामागून उठला आणि बाजूला झाला. 

त्या दिवशी ज्यांनी रॉकेटं उडवली त्यांनी किटमधली ती पिशव्यांसारखी पॅराशूटं लावून उडवली. मास्तरांनी उडवलं नाही. नाकं तपासायला वायरमन आणि दुसरा एक जण बसले. यापुढे एकाचं दुसऱ्यानं पाहायचं, कुणीही असो, असं ठरलं. ठरवताना सगळे कवळीवाल्याकडे न पाहण्याची काळजी घेत होते. ती काळजी त्याला लांबून दिसत होती. परतताना स्कूटरवर बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागचा दांडा धरला. खड्ड्यांतसुद्धा.

घरी आल्यावर तिनं पिशवी त्याच्यापुढे ओतली. मशीनवर झाकण घातलं.

"दुहेरी," ती म्हणाली. "हातानं."

"मशीनवर लवकर होईल."

"मशीन माझं आहे."

आता दुकान बंद झालं की तो खिडकीपाशी बसतो. मेणात दात रोवणारी बोटं सुईला ओळखत नाहीत. दात जागेवर राहतो, कापड राहत नाही, मुडपलं की सरकतं. पहिली छत्री त्यानं कितीतरी संध्याकाळी शिवली आणि तिच्यापुढे नेली. तिनं कड उजेडाकडे धरली, दोन्ही हातांनी ताणली. एका ठिकाणी टाका कचकन सुटला.

"उसवा."

तिनं ते चिडून म्हटलं नव्हतं. ती आता त्याच्याशी नीट बोलते, चहात साखर पूर्वीसारखी घालते. फक्त त्यानं दुकानातलं काही सांगायला घेतलं की ती मधेच थांबून त्याच्याकडे बघते, आणि तो सांगतोय ते त्याचं त्यालाच तपासून घ्यावंसं वाटतं.

अर्धं ब्लेड घेऊन तो पहिला टाका कापत होता तेव्हा मेव्हणी आली. चपला काढता काढता थबकली.

"अगंबाई! भावजी चक्क शिवतायत?"

"नाही," बायको म्हणाली. "उसवतायत."

"का बरं? तू एवढी तरबेज असताना यांना कशाला बसवलंस? आधीच तू रॉकेट..."

बायकोनं तिला हातानं थांबवलं. आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "सांगा तिला."

त्यानं ब्लेड खाली ठेवलं. जिन्यावरून गडगडलेल्या नाकापासून त्यानं सुरुवात केली. टेप, वारा, टेबल, बांधामागची धूळ. मेव्हणी आधी हसत होती, मग तिचं हसणं थांबलं. सोलून खिशात घातली, हेही त्यानं सांगितलं. मग ही चप्पल हातात घेऊन धावत आली, तिथपर्यंत येऊन तो अडला आणि मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचू लागला.

"पुढे," बायको म्हणाली.